कमानीतली पाटी

त्याचं असं झालं की, ज्या इमारतीत आपण बावीस वर्षं नोकरी केली तिच्याकडे आपण एकदाही मान वर करून पाहिलेलं नाही, हे मला एका पाटीमुळे कळलं. कचेरीत शिरताना माणूस घड्याळाकडे पाहतो आणि बाहेर पडताना लोकलच्या वेळेकडे. मधल्या काळात तो खातेदाराकडे पाहतो, आणि खातेदार ज्या नजरेने त्याच्याकडे पाहत असतो ती चुकवण्यासाठी पुन्हा कॉम्प्युटरकडे पाहतो. इमारतीकडे बघायला सवड कुणाला?

आमची शाखा फोर्टात, डॉ. दादाभाई नवरोजी रस्त्यावर. बँकेचं नाव सांगत नाही. माझी बढती गेली नऊ वर्षं 'विचाराधीन' आहे. ती तशीच राहायला माझी हरकत नसली तरी घरच्यांची आहे. तर या शाखेत मागे एक नवे साहेब आले. तरुण, तडफदार आणि थेट हेड ऑफिसातून. पहिल्याच दिवशी रस्त्यापलीकडे उभं राहून त्यांनी शाखेकडे पाहिलं आणि जाहीर केलं, "बँक दिसतच नाही!"

आम्हांला ती रोज दिसत होती, आणि दिसली नाही तर बरं, असंही अधूनमधून वाटत होतं. पण साहेबांचं म्हणणं निराळं होतं. पुढच्या तिन्ही कमानींच्या डोक्यावरून, या टोकापासून त्या टोकापर्यंत, एकच लांबलचक, आतून उजळणारी पाटी हवी. दुसरा शनिवार आणि रविवार गाठून पाटी चढली. सोमवारी संध्याकाळी तिचा असा काही उजेड पडला की समोरच्या फेरीवाल्याने आपला दिवा काढून पिशवीत ठेवला.

गुरुवारी पालिकेची नोटीस आली. सदर इमारत वारसा यादीत आहे, तिच्या बाहेरच्या अंगात बदल करायचा तर परवानगी लागते, ती घेतली आहे काय? साहेबांनी नोटीस माझ्या टेबलावर टाकली. "तुम्ही लिहिता-बिहिता ना? द्या एक उत्तर!"

इतिहासाचा हात मी दहावीनंतर सोडला होता. पण उत्तर द्यायचं तर प्रश्न कळायला हवा, म्हणून वाचायला बसलो.

या रस्त्याचं जुनं नाव हॉर्नबी रोड. विल्यम हॉर्नबी हा 1771 ते 1784 या काळात मुंबईचा गव्हर्नर. वरळीकडची खाडी बांध घालून अडवायची असं त्याने मनात घेतलं. कंपनी सरकारने परवानगी नाकारली, तरी या गड्याने काम रेटलं आणि लंडनहून आलेला बडतर्फीचा हुकूम टेबलाच्या खणात सारून दिला, अशी गोष्ट सांगतात. खरी-खोटी संशोधकांनी बघावी. पण परवानगीवाचून बांधकाम केल्याची ज्याची ख्याती, त्याच्याच नावाच्या रस्त्यावर साधी पाटी लावायला परवानगी लागावी, हे ऐकून साहेब खूश झाले. म्हणाले, "हे उत्तरात घाला." घातलं नाही.

कोटाच्या भिंती होत्या तोवर हा रस्ता म्हणजे एक साधी गल्ली होती. 1860 नंतर बार्टल फ्रियर या गव्हर्नराने भिंती पाडून घेतल्या आणि गल्लीला रस्त्याचं रूप आलं. त्याच सुमारास अमेरिकेत यादवी पेटली, तिकडचा कापूस अडला, इकडचा चढला. मुंबईत पैसा इतका आला की रोज एक नवी कंपनी आणि दिवसाआड एक नवी बँक निघू लागली. 1865 साली तिकडची लढाई थांबली आणि इकडच्या बँका बसल्या. या विषयावर बँकेतल्या माणसाने अधिक बोलू नये.

पुढे या रस्त्याच्या दोन्ही बाजूंना इमारती उठल्या. ज्याची त्याची हौस आणि ज्याचा त्याचा आर्किटेक्ट. कुणी गॉथिक टोकं काढली, कुणी ग्रीक खांब उभे केले, कुणी घुमट चढवला. लग्नाच्या पंगतीत प्रत्येकाने आपापल्या आवडीचा फेटा बांधून बसावं तसं. मग 1896 साली सरकारने एक नियम केला : वर काय हवं ते बांधा, पण तळमजल्याला रस्त्याच्या अंगाने पायी चालणाऱ्यांसाठी कमानींची ओवरी ठेवलीच पाहिजे. याच वर्षी जुलै महिन्यात वॉटसन हॉटेलात ल्युमिए बंधूंची हलती चित्रं दाखवली गेली आणि सप्टेंबरात मांडवीत प्लेग निघाला. त्या दोन गोष्टींची जेवढी चर्चा झाली तिच्या शतांशानेही ओवरीची झालेली नाही. पण प्लेग गेला, वॉटसन हॉटेलही गेलं आणि ओवरी अजून आहे.

माझ्यातला कॉमर्सवाला इथे जागा झाला. तळमजल्याची रस्त्याकडची जागा म्हणजे सगळ्यांत महागडी. तीच परक्यांना चालायला सोडायची! त्या वेळच्या मालकांनी काय बोटं मोडली असतील! आणि त्या बोटं मोडण्याचं व्याज मी आज खातो आहे. जुलैच्या मुसळधार पावसात बोरीबंदरला उतरावं आणि ओवरी-ओवरीने, छत्री बहुतेक मिटलेलीच ठेवून, फ्लोरा फाउंटनच्या दिशेने चालत सुटावं. बावीस वर्षांत माझ्या निदान पाच छत्र्या वाचल्या. ज्यांच्या जागेतून मी चालत होतो त्यांची नावंही मला ठाऊक नाहीत.

म्हणजे बघा, घराच्या आतली भिंत मालकाची. तिला तो निळा रंग देईल नाहीतर तिच्यावर देवांचं कॅलेंडर टांगेल. पण तीच भिंत बाहेरून कुणाची? मालक तर ती कधी बघतही नाही. तो आत असतो. बघतो रस्त्यावरचा माणूस. या एका प्रश्नावर सरकारने 1995 साली मुंबईसाठी वारसा नियमावली आणली. अमेरिकेत चार्ल्सटन नावाच्या गावाने असलं मंडळ 1931 सालीच नेमलं होतं. आपल्याकडे तेव्हा गांधी-आयर्विन करार चालला होता, त्यामुळे कमानींकडे लक्ष द्यायला फुरसत नसावी.

नियमावलीबरोबर शेकडो इमारतींची यादी आली आणि यादीला प्रती लागल्या : एक, दोन-अ, दोन-ब आणि तीन. बँकेत आम्ही कर्जांनाही अशाच प्रती लावतो : उत्तम, दुय्यम, संशयित आणि बुडीत. फरक एवढाच की आमच्याकडे बुडीत कर्ज मुद्दाम जपून ठेवत नाहीत, आपोआप राहतं. पहिल्या प्रतीच्या वास्तूला आतून-बाहेरून हात लावायचा नाही, अगदी लागेलच तेवढा लावायचा. दुसऱ्या प्रतीला आतले बदल जपून. तिसऱ्या प्रतीला बरीच मोकळीक. आणि हे सगळं तपासायला एक समिती : मुंबई वारसा संवर्धन समिती. आर्किटेक्ट, इंजिनिअर, इतिहासाचे जाणकार असे लोक तिच्यावर असतात. ते नकाशे बघतात, फोटो बघतात, चर्चा करतात आणि महापालिका आयुक्तांना शिफारस करतात. निर्णय आयुक्तांचा. सल्ला एकाने द्यायचा आणि सही दुसऱ्याने करायची, ही पद्धत बँकेतल्या माणसाला लगेच कळते.

आमच्या रस्त्याचं प्रकरण आणखी निराळं. विसाव्या शतकाच्या अखेरीस इथल्या कमानी पाट्यांच्या मागे पार बुडाल्या होत्या. 1998च्या सुमारास आर्किटेक्ट आभा नारायण लांबा यांनी त्यांचा अभ्यास करून पाट्यांचे कायदे ठरवले. त्याचं सार एका ओळीचं : पाटी कमानीच्या आत बसवा, कमानीवर नको. कमानीवर घेतली की शेजारच्याला तिच्याहून हातभर मोठी लावावी लागते आणि शेवटी कुणाचीच दिसत नाही. गंमत म्हणजे दुकानदारांनी हे ऐकलं. रहिवासी, दुकानदार वगैरेंची 'हेरिटेज माइल' नावाची संघटना उभी राहिली आणि 2004 साली या कामाला युनेस्कोचं पारितोषिक मिळालं. बोरीबंदर स्टेशन जागतिक वारसा यादीत गेलं तेही त्याच वर्षी. तेव्हा मी नोकरीत नवा होतो. एवढ्या घडामोडी माझ्या डोक्यावर चालल्या होत्या आणि मी खाली व्हाउचरं लावत होतो.

साहेबांपुढे हे सगळं मांडलं. ते म्हणाले, "पण आपलं नाव कमानीत मावणार कसं?" प्रश्न रास्त होता. आमच्या बँकेचं नाव श्वास न घेता उच्चारता येत नाही. त्यातून दुकानं-आस्थापनांच्या पाटीवर देवनागरी अक्षरं दुसऱ्या कुठल्याही लिपीपेक्षा लहान नकोत, असा 2022चा कायदा. 2023त तो सर्वोच्च न्यायालयानेही दोन महिन्यांत पाळायला सांगितला. शेवटी साहेब म्हणाले, "मालकांकडून लिहून आणा. इमारत त्यांची, जबाबदारी त्यांची."

मालक म्हणजे एक वयोवृद्ध पारशी गृहस्थ, दुसऱ्या मजल्यावर राहतात. त्यांनी मला चहा पाजला आणि गॅलरीत नेलं. "पाय जपून ठेवा हं," म्हणाले. गॅलरी जुन्या सागवानाची, नक्षीचे कठडे, आणि निम्म्या फळ्या कुजलेल्या. मग त्यांनी मला हिशेब दाखवला, आणि हिशेब म्हटला की मी ऐकतो. 1947च्या भाडेकायद्याने भाडी 1 सप्टेंबर 1940च्या पातळीला बांधून ठेवली. 2000 साली नवा कायदा लागू झाला. त्याने बँकांचं भाडेसंरक्षण काढून घेतलं, म्हणून आम्ही बाजारभावाने भाडं देतो. वरच्या मजल्यांवरच्या जुन्या भाडेकरूंना मात्र वर्षाला चार टक्के वाढ. "चार टक्के कशाचे साहेब? चाळीस रुपयांचे! एक रुपया साठ पैसे. एवढ्यात सागवानाचा भुसापण नाय मिळत!"

मी म्हटलं, नियमांमुळे ज्याचा बांधकामाचा हक्क बुडतो त्याला तो दुसरीकडे विकायची सोय आहे ना? ते हसले. आमच्या इमारतीवर पूर्वजांनी इतके मजले आधीच चढवून ठेवलेत की बुडायला हक्कच शिल्लक नाही. गॅलरी तोडून सिमेंटची करतो म्हटलं तर समिती नको म्हणणार. आणि खरं सांगायचं तर ती त्यांनाही नको होती. आजोबांनी केलेली गॅलरी. मग ते अगदी सहज म्हणाले, "तुमची पाटी खाली उतरवायला कमिटी आहे. माझी गॅलरी वर धरून ठेवायला कोण आहे?"

यावर मला उत्तर सुचलं नाही. वॉटसन हॉटेलचं लोखंड इंग्लंडहून जहाजाने आलं होतं. त्याची प्रत दोन-अ होती, आणि तरी 2005च्या पावसाळ्यात त्याचा एक भाग कोसळला. प्रत लावली म्हणून वास्तू उभी राहत नाही, हे आमच्याकडच्या 'उत्तम' कर्जांनीही पुष्कळदा सिद्ध केलं आहे. मालकांनी लिहून काहीच दिलं नाही. दोन बिस्किटं मात्र आग्रहाने दिली.

शेवटी हेड ऑफिसनेच हात वर केले आणि पाटी उतरवायचं ठरलं. ते काम बुधवारी भर दुपारी झालं, आणि इथेच चूक झाली. बँकेची पाटी शिडीवरून खाली येताना एका पेन्शनर आजोबांनी पाहिली. त्यांनी दुसऱ्यांना सांगितलं. अर्ध्या तासात काउंटरपुढे पंचवीस माणसं पासबुकं घेऊन उभी! "पाटी काढली म्हणजे बँक बसली ना?" साहेब घामाघूम झाले, टेबलावर चढून म्हणाले, "बँक कुठेही जात नाही, फक्त पाटी कमानीत जाते आहे!" हे ऐकून उरलेल्यांचाही धीर सुटला. 1865 साली याच भागात लोक कसे धावले असतील, याची मला पुस्तकांवाचून कल्पना आली. एका आजींनी मुदत ठेव मोडली आणि दुसऱ्या दिवशी ती परत ठेवली. मधल्या एका दिवसाच्या व्याजासाठी त्या अजून माझ्याशी बोलत नाहीत.

पाटीमागून जे निघालं ते असं : कबुतरांची तीन घरटी, कधीच्या तरी टेलिफोनच्या तारा, आणि मधल्या कमानीच्या अगदी डोक्यावरच्या दगडात कोरलेला एक मिशाळ चेहरा. कोण, कुणाचा, कुणालाच माहीत नाही. मालक खाली आले, चष्मा पुसून बराच वेळ बघत राहिले आणि म्हणाले, "हा अजून हाय?" आमच्या शिपाईमामांनी त्याच दिवशी त्याला 'सीनियर मॅनेजर' असं नाव दिलं, कारण तो वरून सगळं बघतो आणि काही करत नाही. नव्या पाटीचे नकाशे गेले, एकदा परत आले, पुन्हा गेले, मंजूर झाले. आता बँकेचं नाव कमानीच्या आत अर्धगोल बसलं आहे. रस्त्यापलीकडून वाचता येतं. साहेबांनी स्वतः जाऊन खात्री केली, आणि लवकरच त्यांची बदली झाली. त्याचा पाटीशी संबंध नाही, असं हेड ऑफिस म्हणतं.

गॅलरीचं काम काही झालेलं नाही. मालकांनी वर्गणीचा विषय काढला, भाडेकरूंनी बैठकीचा काढला, बैठकीत पुढच्या बैठकीची तारीख ठरली. तोवर धोका नको म्हणून गॅलरीखाली ओवरीत लाकडी टेकू ठोकले आहेत. या पावसाळ्यात मी बोरीबंदराहून नेहमीसारखा ओवरीतून येतो, छत्री बगलेत. फक्त आमच्या इमारतीपाशी आलो की टेकूंमुळे वाट अडते, आणि रस्त्यावर उतरून आठ-दहा पावलं पावसातून जावं लागतं. तेवढ्यासाठी छत्री उघडत नाही.