दुष्काळ कुणाच्या नावावर?

अमेरिकेत एखाद्याचा पक्ष कळला की हवामानबदलाबद्दल तो काय म्हणेल, याचा अंदाज बराचसा बरोबर येतो. बाळापुरात हा हिशेब लागत नाही. मन आणि म्हैस या नद्यांच्या संगमावरच्या या गावाने विधानसभेला भारिपचा आमदार निवडला, नंतर शिवसेनेचा निवडला. लोकसभेला भाजपचा खासदार देणाऱ्या अकोला मतदारसंघात ते आहे. तरी पाऊस बिघडला की नाही, यावरून इथे पक्षागणिक तट पडल्याचे दिसत नाही. येल विद्यापीठाने २०२१-२२ मध्ये केलेल्या भारतव्यापी पाहणीत, अर्थ थोडक्यात समजावून सांगितल्यावर, ८४ टक्के लोकांनी जागतिक तापमानवाढ होत असल्याचे मान्य केले. या एकमताचे कौतुक होते. माझा त्यावर फारसा विश्वास नाही. वऱ्हाडचा सव्वाशे वर्षांचा इतिहास पाहिला तर इथले भांडण आभाळाशी कधी नव्हतेच. दुष्काळ कुणाच्या नावावर मांडायचा, हे ते भांडण होते आणि आजही तेच आहे.

बाळापूर हे काही मुळात उपाशी गाव नव्हे. अकबराच्या काळात वऱ्हाड सुभ्यातल्या संपन्न परगण्यांत त्याची गणना होई. औरंगजेबाच्या मुलाने, आझमशहाने, सुरू केलेला म्हणून सांगितला जाणारा इथला किल्ला १७५७ मध्ये एलिचपूरच्या इस्माईलखानाने पुरा केला. १८५३ च्या तहाने निजामाकडून वऱ्हाड इंग्रजांच्या ताब्यात गेला आणि पुढच्या दशकात अमेरिकेतल्या यादवीने कापसाला सोन्याचा भाव आणला. मुंबईहून निघालेली रेल्वे १८६७ मध्ये नागपूरला पोचली. ती पारसवरून अकोल्याला गेली, बाळापूर बाजूला पडले. पण गाडी दारात आली नाही तरी तिने आणलेला बदल शेतात आला. काळ्या कसदार जमिनीवर ज्वारीच्या जागी कापूस वाढत गेला आणि पेवातल्या धान्याऐवजी शेतकरी बाजारावर विसंबू लागला. वऱ्हाडला दुष्काळ शिवत नाही अशी सरकारी समजूत होती. १८९६-९७ मध्ये तिला तडा गेला आणि १८९९-१९०० मध्ये ती पार मोडली. १८९१ ते १९०१ या दहा वर्षांत वऱ्हाडची लोकसंख्या वाढण्याऐवजी सुमारे ५ टक्क्यांनी घटली. पाऊस पडला नव्हता हे तर खरेच. पण धान्य वाहून आणणारी रेल्वे धडधडत असतानाही माणसे मेली, कारण धान्य घ्यायला त्यांच्याकडे पैसा नव्हता.

इथेच मतभेदाची पहिली रेघ ओढली गेली. डिसेंबर १८९७ मध्ये राष्ट्रीय सभेचे अधिवेशन अमरावतीला भरले. अध्यक्ष शंकरन नायर, स्वागताध्यक्ष दादासाहेब खापर्डे. दुष्काळ, प्लेग आणि टिळकांना नुकतीच झालेली राजद्रोहाची शिक्षा यांचे सावट त्या मांडवावर होते. पुढे खापर्डे टिळकांबरोबर जहालांत राहिले, अमरावतीचेच रंगनाथ नरसिंह मुधोळकर मवाळांत. पण दुष्काळामागे राज्यकर्त्यांचे धोरण आहे, यावर त्या दोन्ही गटांत दुमत नव्हते. १९०० मध्ये रमेशचंद्र दत्तांनी लॉर्ड कर्झनला अनावृत पत्रे लिहून जमिनीच्या जबर साऱ्याकडे बोट दाखवले. कर्झनच्या सरकारने जानेवारी १९०२ च्या ठरावात उत्तर दिले: दुष्काळाचे मूळ पावसाच्या अभावात आहे, साऱ्यात नव्हे. त्याच वर्षी कर्झनने निजामाकडून वऱ्हाड सालाना २५ लाखांच्या मोबदल्यात कायमच्या पट्ट्याने घेतला. म्हणजे पावसावर सर्वात जास्त भर देणारा पक्ष हा सारा वसूल करणारा होता. आभाळाला दोष दिला की खुर्चीवरचा दोष उतरतो. त्या वादात निसर्गाचे नाव घेणे ही सत्तेची सोय होती, आणि निसर्गाला बाजूला सारणे ही विरोधकांची गरज.

स्वातंत्र्यानंतर राज्यकर्ते बदलले, रेघ तीच राहिली. दुष्काळ जाहीर होण्यासाठी पैसेवारी ५० पैशांच्या आत यावी लागे, म्हणून प्रत्येक खरिपानंतर गावातले पीक किती आणे वा पैसे आले यावर ओढाताण होई. विरोधी बाकावर असलेला पक्ष पैसेवारी कमी दाखवा म्हणे, सत्तेवरचा पाहणीचे अहवाल मागवी. पुढच्या निवडणुकीनंतर दोघे जागा बदलत आणि वाक्येही बदलून घेत. पाऊस किती पडला याविषयीचे मत इथे विचारसरणीवरून ठरत नाही, बाकावरून ठरते.

यावर कुणी म्हणेल की २०२३ चे काय? त्या वर्षीच्या एप्रिलमध्ये बाळापूरचे ठाकरे गटाचे आमदार नितीन देशमुख खारपाणपट्ट्यातले खारट पाणी टँकरमध्ये घेऊन अकोल्याहून नागपूरकडे पायी निघाले होते. वान धरणावरून ६९ गावांना पाणी देणारी योजना महाविकास आघाडीच्या काळात मंजूर झाली होती आणि नव्या सरकारने तिला स्थगिती दिली, ही त्यांची तक्रार. नागपूरच्या वेशीवर पोलिसांनी त्यांना ताब्यात घेतले. हा उघड पक्षीय संघर्ष होता, आणि मीही तो तसाच मानतो. पण त्याच्या पोटात पाहिले तर तेल्हाऱ्याकडचे शेतकरी धरणाचे पाणी सिंचनाला हवे म्हणून योजनेच्या विरोधात होते आणि बाळापूरकडच्या गावांना ते पिण्यासाठी हवे होते. पाणी कमी आहे हे दोघांनाही ठाऊक. पूर्णेच्या खोऱ्यातली सुमारे ९०० गावे या खारपाणपट्ट्यात येतात. तिथे भूगर्भातच क्षार आहेत, पाऊस हुकला की विहिरीचा आधारही उरत नाही. अशा मुलुखात टंचाई कोण नाकारील?

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. शेतकऱ्याला पाऊस कळतो, हवामानबदल कळतो असे नव्हे. भेंडवळच्या घटमांडणीत अक्षय्यतृतीयेला घागर, ढेकळे आणि पानविडा ठेवून पावसाचे व राजाच्या गादीचे भाकीत एकाच दमात सांगितले जाते, तिथे विज्ञानाचे मत कुठून येणार? (२०२४ मध्ये निवडणुकीच्या आचारसंहितेमुळे गादीचे भाकीत सांगितले गेले नाही, एवढी शिस्त मात्र त्या घटातही आली.) हा आक्षेप शब्दाविषयी खरा आहे, आशयाविषयी नाही. राज्यकर्त्यांनी तो आशय केव्हाच आपलासा केला आहे. जागतिक बँकेच्या कर्जातून २०१८ मध्ये सुरू झालेला हवामान अनुकूल शेतीचा ‘पोकरा’ प्रकल्प फडणवीस सरकारने नानाजी देशमुखांच्या नावाने आणला आणि खारपाणपट्ट्यातली गावे त्यात घेतली. महाविकास आघाडीने तो चालू ठेवला, शिवाय ‘माझी वसुंधरा’ अभियान काढले आणि पर्यावरण खात्याच्या नावात ‘वातावरणीय बदल’ घातला. पुढच्या सरकारने तेही चालू ठेवले. ठिबक, शेततळे, बियाणे यांना अनुदान मिळते, तिथे कुणी विरोध करायचे कारणच काय?

आता पारसकडे यावे. रेल्वेने बाळापूरला वगळून पारसला स्टेशन दिले, त्याच पारसला पुढे बाळापूर तालुक्यातले औष्णिक वीजकेंद्र आले. आज तिथे २५० मेगावॉटचे दोन संच दगडी कोळसा जाळतात आणि मन नदीचे पाणी घेतात. त्यांच्या विस्ताराची मागणी जिल्ह्यात जुनी आहे, कारण त्यात नोकऱ्या आहेत. खारट पाण्याचा टँकर नागपूरकडे नेता येतो. कोळशाचा डबा परत फिरवा म्हणून मोर्चा निघत नाही. अमेरिकेतही सुरुवातीला असेच होते. जुलै १९९७ मध्ये, क्योटो कराराच्या काही महिने आधी, तिथल्या सिनेटने अमेरिकेच्या अर्थव्यवस्थेला झळ पोचवणारा करार नको असा ठराव ९५ विरुद्ध ० मतांनी केला; दोन्ही पक्ष एकत्र होते. कोळसा आणि तेल यांवर बंधने घालायची वेळ जसजशी जवळ आली, तसतशी दोन्ही पक्षांच्या मतदारांची विज्ञानाबद्दलची मतेही फाटत गेली. खर्च कुणी उचलायचा हा प्रश्न आधी आला आणि तापमान वाढते की नाही ही शंका त्याच्या मागोमाग वाढली. बाळापुरात तो प्रश्न अजून कुणी विचारलेला नाही. पारसचे संच बंद करायचे ठरले आणि तिथला मजूर, कोळसा वाहणारा ट्रकवाला व वाढीव वीजबिल भरणारा शेतकरी कोणत्या पक्षाकडे वळतो हे दिसले, की मग इथल्या ८४ टक्क्यांची किंमत काढता येईल.