होमोसिस्टीन आणि डायलिसिस रुग्णाचा फिस्टुला

नागपूरच्या मेडिकलमध्ये किंवा खासगी केंद्रात डायलिसिस घेणारा माणूस आता जवळपास प्रत्येक वस्तीत सापडतो. मशीनला मिनिटाला ३०० मिलिलिटरच्या आसपास रक्त लागते. साध्या शिरेतून ते मिळत नाही, म्हणून हाताची धमनी आणि शीर शस्त्रक्रियेने जोडतात. हाच फिस्टुला. १९६६ साली न्यूयॉर्कच्या ब्रेशिया, सिमिनो आणि सहकाऱ्यांनी ही पद्धत मांडली, आणि आजही बहुतेक रुग्णांसाठी तीच पहिली पसंती आहे. त्यात गुठळी होऊन तो बंद पडला की मानेत कॅथेटर, जंतुसंसर्गाची भीती, पुन्हा ऑपरेशन आणि घरच्यांची बुडालेली मजुरी.

गुठळीचे कारण शोधताना होमोसिस्टीनचे नाव पुढे आले. मेथिओनिन या अमिनो आम्लापासून शरीरात ते तयार होते; फॉलिक अ‍ॅसिड, बी-१२ आणि बी-६ ही जीवनसत्त्वे त्याचे रूपांतर करतात. रक्तात ५ ते १५ मायक्रोमोल प्रतिलिटर हे सामान्य प्रमाण. किडनी निकामी झाली की ते वाढते, आणि डायलिसिसवरच्या बहुसंख्य रुग्णांत ते वाढलेलेच असते. आपल्याकडे तर किडनी चांगली असलेल्यांतही बी-१२ ची कमतरता मोठी आहे. पुण्यातल्या संशोधकांनी २००१ मध्येच हे दाखवून दिले होते.

जास्त होमोसिस्टीन रक्तवाहिनीच्या आतल्या अस्तराला इजा करते, म्हणून फिस्टुलाशी संबंध तपासला गेला. काही अभ्यासांत तो दिसला, काहींत नाही. मग जीवनसत्त्वे देऊन ते उतरवले तर? अमेरिकेत माजी सैनिकांच्या रुग्णालयांत २,०५६ किडनीरुग्णांवर मोठी चाचणी झाली, तिचे निष्कर्ष २००७ मध्ये आले. भरपूर मात्रेत गोळ्या दिल्यावर होमोसिस्टीन उतरले. पण मृत्यू कमी झाले नाहीत, हृदयविकाराचे झटके कमी झाले नाहीत, आणि डायलिसिसच्या मार्गातल्या गुठळ्याही नाहीत.

म्हणून आमचे मत स्पष्ट आहे: फिस्टुला वाचवण्याच्या नावाखाली ही तपासणी पुन्हा पुन्हा करण्यात गरिबाने पैसे घालू नयेत. बी-१२ कमी असेल तर ते भरून काढावेच, पण रक्तासाठी आणि नसांसाठी. सिकलसेलच्या रुग्णांना फॉलिक अ‍ॅसिड वेगळ्या कारणासाठी देतात. विदर्भात असे रुग्ण पुष्कळ, सिकलसेलने किडनीही बिघडते. त्यांनी डॉक्टरांना न विचारता गोळी बंद करू नये.

कार्यकर्त्यांचे खरे काम त्याआधीचे आहे. फिस्टुला पिकायला दीड-दोन महिने किंवा जास्त लागतात, आणि आपले लोक मशीनवर जायची वेळ आल्यावरच मोठ्या दवाखान्यात पोहोचतात. शिबिरात क्रिएटिनिन वाढलेला कोणी सापडला तर त्याला लगेच किडनीतज्ज्ञाकडे न्या आणि फिस्टुलाबद्दल तिथेच विचारा. महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेत डायलिसिस बसते. कागदपत्रांसाठी योजनेतल्या रुग्णालयात आरोग्यमित्र असतो.

फिस्टुला झाल्यावर त्या हाताला बीपीचा पट्टा नको, सलाइन नको, घट्ट बांगडी नको, उशाशी घेऊन झोपणे नको. रोज सकाळी बोटे ठेवून थरथर पाहायची. ती लागली नाही तर पुढच्या डायलिसिसची वाट न पाहता त्याच दिवशी रुग्णालय गाठायचे; गुठळी ताजी असेल तर ती काढून फिस्टुला वाचवता येण्याची शक्यता असते.