खेळाडू परक्याचे, मुदपाकखाना आपला : अमेरिकेच्या छोट्या बेसबॉल मैदानांची कथा

१/
८ जुलै २००२. अमेरिकेच्या साउथ कॅरोलिना राज्यातील चार्ल्स्टन शहर. रिव्हरडॉग्ज या स्थानिक बेसबॉल संघाचा सामना सुरू झाला आहे, पण बाके रिकामी आहेत. तिकीट काढून आलेली माणसे दाराबाहेर उभी आहेत. पाच डाव होऊन सामना अधिकृत ठरेपर्यंत कोणालाही आत सोडायचे नाही, म्हणजे प्रेक्षकसंख्या शून्य नोंदवली जाईल आणि नीचांकाचा विक्रम आपल्या नावावर लागेल, असा खुद्द संघचालकांचाच बेत होता. बाहेर ताटकळणाऱ्यांसाठी स्वस्तात खाणे आणि बिअर होती. खेळ भिंतीआड, मंडळी रस्त्यावर, आणि तरीही कोणाचा विरस झाला नाही.

२/
हा निव्वळ चावटपणा वाटेल. परंतु यामागे शंभर वर्षांचा अर्थव्यवहार आहे. अमेरिकेत दर उन्हाळ्यात असंख्य हौशी लोक मायनर लीगची मैदाने पालथी घालतात आणि प्रत्येक गावचे खाणे चाखत पुढे जातात. सामना कोण जिंकले हे पुष्कळदा त्यांच्या लक्षातही राहत नाही. असे का व्हावे, हा आजच्या धाग्याचा विषय. आपण ही भ्रमंती कागदावरच करू.

३/
आधी थोडी पार्श्वभूमी. मेजर लीग म्हणजे मोठ्या शहरांतले सर्वोच्च दर्जाचे संघ. त्याखालच्या पायऱ्यांवर लहान शहरांतले जे व्यावसायिक संघ खेळतात, ते मायनर लीगचे. १९०१ साली दोन बड्या लीगांमध्ये खेळाडूंच्या पळवापळवीचे युद्ध पेटले. त्यात आपण भरडले जाऊ हे ओळखून छोट्या लीगांच्या प्रमुखांनी ५ सप्टेंबर १९०१ रोजी शिकागोत एकत्र येऊन स्वतःची संघटना उभारली. त्या काळी गावचा संघ खऱ्या अर्थाने गावचा असे. होतकरू मुलगा तो हेरी, घडवी, आणि चांगला निघाला की मोठ्या संघाला विकी. त्या विक्रीवर पुष्कळांचा संसार चाले.

४/
मैदानावरच्या खाण्याचा विषय निघाला की हॅरी स्टीव्हन्स यांचे नाव येतेच. इंग्लंडातून आलेल्या या गृहस्थांनी १८८७ साली ओहायोतील कोलंबस येथे गुणपत्रिका छापून विकण्यापासून धंदा सुरू केला आणि पुढे मैदानांवरच्या खाद्यविक्रीचे साम्राज्य उभे केले. त्यांच्याविषयी एक आख्यायिका सांगतात. १९०१ साली न्यूयॉर्कमध्ये कडाक्याच्या थंडीत त्यांनी पावात गरम सॉसेज घालून विकले. टॅड डॉर्गन नावाच्या व्यंगचित्रकाराला ‘डॅशहुंड’ या कुत्र्याच्या जातीचे स्पेलिंग येईना, म्हणून त्याने चित्राखाली ‘हॉट डॉग’ असे लिहिले आणि ते नाव रूढ झाले. कथा गोड आहे, पण खोटी आहे. असे चित्र कोणालाही सापडलेले नाही, १९०१ साली डॉर्गन न्यूयॉर्कमध्ये नव्हताच, आणि हा शब्द १८९५ सालीच येल विद्यापीठातील विद्यार्थ्यांच्या लिखाणात आढळतो. आख्यायिका चविष्ट असली की ती खरी मानण्याचा मोह आपल्यालाही होतोच की!

५/
आता मूळ कलाटणीकडे वळू. पहिल्या महायुद्धानंतर सेंट लुईस कार्डिनल्स या तुलनेने गरीब संघाचे सूत्रधार ब्रँच रिकी यांना एक कल्पना सुचली. तयार खेळाडू महाग पडतात. मग ते पिकवायचीच सोय का करू नये? त्यांनी छोट्या गावांतले संघ विकत घेण्यास किंवा करारांनी बांधून घेण्यास आरंभ केला. १९३०चे दशक संपेपर्यंत असे तिसाहून अधिक संघ कार्डिनल्सच्या छत्राखाली आले. इतरांनी तोच कित्ता गिरवला. या पद्धतीला नावही ‘फार्म सिस्टिम’ असे मिळाले. शेत गावात, पीक मालकाच्या कोठारात. (१९४७ साली जॅकी रॉबिन्सन यांना मेजर लीगमध्ये आणून वर्णभेदाची भिंत फोडणारे रिकी ते हेच. इतिहासात माणसे एकरंगी नसतात.)

६/
तरीही काही काळ गावांचे बरे चालले होते. मंदीच्या वर्षांत एका शोधाने त्यांना हात दिला : विजेचे दिवे. २८ एप्रिल १९३० रोजी कॅन्सस राज्यातील इंडिपेन्डन्स या लहानशा गावात कायमस्वरूपी दिव्यांखाली सामना झाला. मेजर लीगला हे सुचायला १९३५ साल उजाडले. दुपारचा सामना कामगाराला परवडत नसे. रात्रीच्या सामन्याला तो पाळी संपवून, बायकामुलांसह येऊ शकला. माझ्या मते मैदानावरच्या खाण्याचा खरा जन्म येथेच झाला, कारण सामन्याची वेळ आणि जेवणाची वेळ आता एकच झाली होती. दुपारचे शेंगदाणे पुरेसे होते. रात्री पोटभर काहीतरी हवे.

७/
१९४९ हे भरभराटीचे शिखर : ५९ लीग, ४४०हून अधिक संघ, जवळपास ४ कोटी प्रेक्षक. मग घरोघर दूरचित्रवाणी आली. मोठ्या संघांचे सामने फुकट आणि आरामखुर्चीत बसून दिसू लागल्यावर गावच्या मैदानावर कोण जाणार? १९६३ साली अवघ्या १८ लीग उरल्या आणि प्रेक्षक सुमारे १ कोटीवर आले. चौदा वर्षांत तीन चतुर्थांश गर्दी विरून गेली.

८/
तेव्हा, १९६२-६३च्या सुमारास, बड्या संघांनी नवी व्यवस्था मान्य केली. मायनर लीगच्या खेळाडूंच्या पगाराचा मुख्य भार ते उचलणार. गावे वाचली, पण या मदतीची किंमत नीट पाहा. कोण खेळणार, कोणाला मधूनच वरच्या पायरीवर बोलावणार, पिचरने किती चेंडू टाकायचे, हे सारे आता दूरच्या शहरात ठरू लागले. उत्तम खेळणारा मुलगा जुलैत अचानक निघून गेला तर गावच्या मालकाने हात हलवत त्याला निरोप द्यायचा, एवढेच. संघ जिंकवणे त्याच्या हाती राहिलेच नाही. त्याच्या हाती काय उरले? दरवाजा, बाके, भिंतीवरच्या जाहिराती आणि स्वयंपाकघर. मायनर लीगच्या खाण्यातला सगळा विक्षिप्तपणा या एका वस्तुस्थितीतून उगवला आहे.

९/
या भ्रमंतीत न्यूयॉर्क राज्यातले रोचेस्टर वगळून चालणार नाही. तेथील रेड विंग्ज हा संघ कार्डिनल्सच्या मालकीचा होता. १९५६च्या अखेरीस कार्डिनल्सनी तो सोडून द्यायचे ठरवले. तेव्हा मॉरी सिल्व्हर या स्थानिक व्यावसायिकाच्या पुढाकाराने गावात समभाग विकण्याची मोहीम निघाली आणि १९५७च्या आरंभी ८,२२२ भागधारकांनी मिळून संघ विकत घेतला. पुढे मैदानालाच सिल्व्हर यांचे नाव देण्यात आले.
साठ वर्षांनी, २०१७ साली, हाच संघ काही काळ ‘रोचेस्टर प्लेट्स’ या नावाने मैदानात उतरला. हे नाव तेथील ‘गार्बेज प्लेट’ या खाण्यावरून घेतलेले. तळलेले बटाटे आणि मॅकरोनीचे सॅलड यांवर सॉसेज किंवा बर्गरचे मांस, वर मसालेदार खिम्याचा रस्सा, कांदा, मोहरी. दिसायला नावाप्रमाणेच. निक टाहू यांच्या खानावळीतला हा कष्टकऱ्यांचा आणि रात्री उशिरा भुकेल्या विद्यार्थ्यांचा पदार्थ. ज्या गावाने संघ वर्गणी काढून वाचवला, त्याने आपले ताट त्याच्या छातीवर मिरवले तर नवल नाही.

१०/
परंतु या ताटात सर्वांना जागा होती काय? आपल्या भाषेत ‘पंक्तिभेद’ असा एक अचूक शब्द आहे. तो येथे आठवतो.
अलाबामातील बर्मिंगहॅमचे रिकवुड फील्ड १८ ऑगस्ट १९१० रोजी उघडले. अमेरिकेत आजही उभे असलेले हे सर्वांत जुने व्यावसायिक बेसबॉल मैदान. त्यावर गोऱ्यांचा बॅरन्स आणि कृष्णवर्णीयांचा ब्लॅक बॅरन्स असे दोन संघ आलटूनपालटून खेळत. १९४८ साली सतरा वर्षांचा विली मेज ब्लॅक बॅरन्सकडून येथेच खेळला. बॅरन्सच्या सामन्याला मात्र कृष्णवर्णीय प्रेक्षकांना उजवीकडच्या वेगळ्या बाकांवर बसावे लागे. बॅरन्स ज्या सदर्न असोसिएशनमध्ये खेळत, ती लीग १९६१च्या हंगामानंतर बंद पडली. वर्णमिश्र संघ स्वीकारण्यापेक्षा तिने मरण पत्करले, असेच म्हणावे लागेल. दोन वर्षे बर्मिंगहॅमला संघच नव्हता. १९६४ साली तो परतला तो मिश्र होऊन.

११/
पुढे होमरनचा विक्रम करणारे हँक आरन १९५२ साली इंडियानापोलिस क्लाउन्स या कृष्णवर्णीयांच्या संघात होते. राजधानी वॉशिंग्टनमध्ये मैदानामागच्या एका खाणावळीत त्यांनी न्याहारी केली. त्यानंतर आतून आवाज आला तो बशा फोडल्याचा. या मुलांनी ज्या बशांत खाल्ले, त्या धुण्याऐवजी फोडल्या जात होत्या. आरन हे आयुष्यभर विसरले नाहीत. पुढच्याच वर्षी ते फ्लोरिडातील जॅक्सनव्हिल या मायनर लीग संघात गेले आणि लीगचे सर्वोत्तम खेळाडू ठरले. तरी प्रवासात गोरे सहकारी उपाहारगृहात जेवत आणि त्यांच्यासाठी खाणे बसमध्ये आणून दिले जाई.

१२/
काळ पुढे सरकला. १९८८ साली ‘बुल डरहॅम’ हा चित्रपट आला आणि छोट्या मैदानांविषयी देशभर जिव्हाळा उसळला. त्यातल्या मैदानावर बैलाचे एक मोठे चित्र आहे : चेंडू बैलाला लागला तर फलंदाजाला मांसाचा उत्तम तुकडा, खालच्या गवताला लागला तर पालापाचोळा, म्हणजे सॅलड! फलक चित्रपटासाठी बनवलेला असला तरी कल्पना जुनी होती. विसाव्या शतकाच्या आरंभी बुल डरहॅम तंबाखूच्या कंपनीने अनेक मैदानांवर असे बैल उभारले होते आणि तो टिपणाऱ्याला ५० डॉलर मिळत.

१३/
मग सुरू झाली ताटांची शर्यत. २००६ साली इलिनॉयमधील गेटवे ग्रिझलीज या स्वतंत्र संघाने पावाऐवजी गोड डोनटमध्ये बर्गर भरला. २००९ साली मिशिगनच्या व्हाइटकॅप्सनी सुमारे चार पौंडांचा बर्गर काढला. त्यात मांस नेमके ५/३ पौंड, कारण मैदानाचे नाव ‘फिफ्थ थर्ड’ या बँकेवरून पडले होते. अपूर्णांकाचा असा सदुपयोग शाळेत कोणी शिकवला नसता.
असल्या करामती वर्तमानपत्रांत छापून येतात आणि विसरल्या जातात. मला अधिक मोलाचे वाटते ते कॅलिफोर्नियातील फ्रेस्नोचे उदाहरण. मेक्सिकन वंशाच्या शेतमजुरांच्या कष्टावर उभा असलेला हा परिसर. तेथील ग्रिझलीज संघाने मैदानात टाको विकणाऱ्या गाड्यांची स्पर्धा भरवायला सुरुवात केली आणि २०१५ साली संघ काही सामने ‘फ्रेस्नो टाकोज’ म्हणून खेळला. २०१८ साली तेहतीस मायनर लीग संघांनी स्पॅनिश नावे आणि पोशाख धारण केले. धंद्याचा हिशेब त्यात होताच. पण बशा फोडण्याच्या काळापासून येथवरचे अंतरही त्यात दिसते.

१४/
कुंपणाच्या आत मात्र वेगळेच ताट होते. प्रेक्षक चार पौंडांचा बर्गर रिचवत असताना खालच्या पायऱ्यांवरचे खेळाडू महिन्याला जेमतेम हजार-बाराशे डॉलरवर, तेही फक्त हंगामापुरते, जगत. पाव आणि शेंगदाण्याचे लोणी हे त्यांचे प्रसिद्ध भोजन. २०१८ साली अमेरिकी संसदेने कायदा करून त्यांना किमान वेतनाच्या बऱ्याचशा संरक्षणातून वगळले; त्याला नाव दिले ‘अमेरिकेचा राष्ट्रीय खेळ वाचवा कायदा’. अखेर खेळाडू संघटित झाले आणि २०२३ साली पहिला सामूहिक करार झाला. ‘लो-ए’ पायरीवरचे किमान वेतन वर्षाला ११,००० वरून २६,२०० डॉलर झाले.

१५/
दरम्यान २०२० साल येऊन गेले होते. महामारीमुळे संपूर्ण हंगाम रद्द झाला. पेन्साकोलाच्या संघाने तर आपले मैदानच रात्रीच्या मुक्कामासाठी भाड्याने दिले. त्याच वर्षाअखेर मेजर लीगने फेररचना केली आणि तिच्याशी संलग्न संघ १६० वरून १२० वर आणले. वेस्ट व्हर्जिनियातील चार्ल्स्टनचा ‘पॉवर’ हा संघ त्यात गळाला. उत्तर प्रदेशातून निवडला गेलेला डावखुरा पिचर रिंकू सिंग काही वर्षांपूर्वी याच संघाकडून खेळला होता. गावाने ‘नको’ म्हटले नव्हते. निर्णय दूरच्या शहरात झाला.

१६/
शेवटचा मुक्काम जॉर्जियातील सव्हाना. ग्रेसन स्टेडियम १९२६चे. २०१५च्या हंगामानंतर तेथील मायनर लीग संघ नव्या मैदानाच्या शोधात दुसऱ्या शहरी निघून गेला. पुढच्या वर्षी त्याच जुन्या बाकांसमोर महाविद्यालयीन मुलांचा एक संघ उभा राहिला. नाव ‘सव्हाना बनानाज’. येथे फार्मचा मालक नव्हता आणि पिकवायचे पीकही नव्हते. चालकांनी तिकिटाचा एकच दर ठेवला आणि बर्गर, हॉट डॉग, चिकनचे सँडविच, सारे पोटभर त्यातच दिले. बाके भरू लागली.