गडावरचं टाकं आणि गच्चीवरचा टॉवर

गेल्या महिन्यात राजगडला गेलो होतो. गुंजवण्यातून चोर दरवाजाने पद्मावती माचीवर पोचलो आणि पाठीवरची सॅक टाकून आधी पाण्याचं टाकं गाठलं. वर ऊन रणरणत होतं, पण कातळाच्या पोटातलं पाणी गारेगार. मित्र म्हणाला, "बघ, महाराजांच्या वेळी कुठे होतं क्लोरीन? तरी पाणी टिकायचंच ना!"

मी गप्प बसलो, कारण त्याच आठवड्यात ऑफिसात हाच वाद झाला होता. आमच्या गच्चीवर एसीचा कूलिंग टॉवर आहे. त्यातल्या पाण्यात बॅक्टेरिया वाढू नयेत म्हणून केमिकल घालतात. एक विक्रेता सांगून गेला, पाइपवर चुंबक बसवा आणि केमिकल विसरा!

आता टाकं का टिकायचं ते बघू. खोल खोदलेल्या टाक्यात ऊन पोचत नाही, म्हणजे शेवाळ कमी, म्हणजे बॅक्टेरियांना खाऊ कमी. शिवाय पाणी थंड, म्हणजे वाढही मंद. आणि दुसरी गोष्ट माणसांची. रामचंद्रपंत अमात्यांनी १७१५ च्या सुमारास लिहिलेल्या आज्ञापत्रात गडाच्या पाण्यावर खास मजकूर आहे. किल्ला बांधण्याआधी पाणी बघा, एका झऱ्यावर विसंबू नका, राखीव टाकी ठेवा आणि त्यातलं पाणी खर्च होऊ देऊ नका. (आपल्या भाषेत बॅकअप!) पाणी जतन करा, असं ते बजावतात.

पुढे हा गड भोरच्या पंतसचिवांकडे गेला. १९४८ मध्ये संस्थान विलीन झालं. आज वर शिबंदी नाही. कातळ तोच, सावली तीच, पण त्या टाक्यात प्लास्टिकच्या बाटल्या तरंगत होत्या. आम्ही पाणी उकळूनच प्यायलो. म्हणजे टिकवणारा नुसता दगड नव्हता.

कूलिंग टॉवर म्हणजे टाक्याच्या बरोब्बर उलटं यंत्र. कोमट पाणी, भरपूर हवा, शहराची धूळ, आणि पंख्याबरोबर बाहेर उडणारे बारीक थेंब. १९७६ मध्ये फिलाडेल्फियाच्या एका हॉटेलात माजी सैनिकांचं अधिवेशन भरलं होतं. न्यूमोनियाची साथ आली आणि ३४ माणसं दगावली. १९७७ च्या जानेवारीत जंतू सापडला, लेजिओनेला. संशय गेला एसीच्या कूलिंग टॉवरवर. तेव्हा हा वाद नुसत्या खर्चाचा नाही.

मग बिनकेमिकलचे उपाय खोटेच का? तसंही नाही. मुंबईच्या यूडीसीटीत (आताची आयसीटी) ज्योती आणि पंडित यांनी बोअरवेलच्या पाण्यावर प्रयोग केले. पाण्यात सूक्ष्म बुडबुडे तयार करून फोडले की जंतू मरतात, हे त्यांच्या २००१ च्या निबंधात आहे. पण प्रयोगशाळा वेगळी, टॉवर वेगळा. २०१० मध्ये पिट्सबर्ग विद्यापीठाने प्रायोगिक टॉवरवर पाच उपकरणं तपासली: चुंबकीय, विद्युत-स्पंदाचं, स्थिरविद्युत, अल्ट्रासॉनिक आणि बुडबुड्यांचं. एकानेही काहीच उपचार न केलेल्या टॉवरपेक्षा जंतू लक्षणीय कमी केले नाहीत. साध्या क्लोरीनने मात्र केले.

कारण समजायला अवघड नाही. यूव्ही दिवाही समोरून जाणाऱ्या जंतूलाच मारतो. भिंतीला चिकटलेला बुळबुळीत थर तिथेच मजेत राहतो.

सोमवारच्या मीटिंगमध्ये मी एवढंच सांगितलं, की उपकरण हवं तर लावा, पण आधी टॉवरवर ऊन पडू देऊ नका, गाळ उपसा, पाणी साचू देऊ नका आणि दर महिन्याला जंतूंची संख्या मोजा. आकडा खाली येऊन तिथेच राहीपर्यंत क्लोरीन बंद करू नका. विक्रेत्याने माहितीपत्रक पुढे केलं. मी मोजणीचा तक्ता मागितला. तो काही त्याच्याकडे नव्हता.

असो. पुढच्या वेळी राजगडला जाताना एक रिकामी पिशवी न्या. टाक्यातल्या बाटल्या खाली आणायला.