मिडी : स्वरांची लिपी आणि तिचे मालक

संगणकावर संगीतरचना करू पाहणाऱ्यापुढे पहिला प्रश्न येतो तो सॉफ्टवेअरच्या निवडीचा. किंमत, सोय आणि वैशिष्ट्यांचे तक्ते मांडून तो बहुधा सोडवला जातो. आम्हांला मात्र तो मुळात लिपीचा प्रश्न वाटतो. हस्तलिखित, मुद्रित प्रत आणि पाठ यांतील भेद साहित्याच्या अभ्यासकाला नवा नाही. त्याच दृष्टीने या नव्या स्वरलेखनाकडे पाहिले, तर गेल्या चार दशकांचा इतिहास निराळा दिसू लागतो.

१९८० च्या सुमारास प्रत्येक कंपनीचा सिंथेसायझर आपलीच बोली बोलत असे. अमेरिकेतील सिक्वेन्शियल सर्किट्सचे डेव्ह स्मिथ आणि जपानमधील रोलँडचे इकुतारो काकेहाशी यांच्या पुढाकाराने एक सामाईक संकेत ठरला, आणि जानेवारी १९८३ मध्ये कॅलिफोर्नियातील ॲनाहाइमच्या प्रदर्शनात दोन प्रतिस्पर्धी कंपन्यांची वाद्ये एका तारेने जोडून दाखवण्यात आली. हा संकेत म्हणजे मिडी. तो कोणा एका कंपनीची मिरास झाला नाही, हे पुढील इतिहासाच्या दृष्टीने महत्त्वाचे आहे.

मिडीमध्ये ध्वनी नसतो, कृतीची नोंद असते : कोणती पट्टी दाबली, किती जोराने दाबली, केव्हा सोडली. पट्ट्यांना ० ते १२७ असे क्रमांक आहेत. मधला ‘सी’ ६०, आणि त्याच्या पुढची काळी पट्टी ६१. पाश्चात्त्य रचनाकार ही काळी पट्टी कधी ‘सी शार्प’ म्हणून लिहितो, तर कधी ‘डी फ्लॅट’ म्हणून. रचनेच्या व्याकरणात या दोहोंचे अर्थ वेगळे आहेत. मिडीला दोन्ही ६१ च. ‘दिन’ आणि ‘दीन’ एकाच चिन्हाने लिहावेत, तसा हा प्रकार. मिडीला उच्चार कळतो, शुद्धलेखन कळत नाही.

या उणिवेला सॉफ्टवेअरच्या दोन घराण्यांनी दोन उत्तरे दिली. पहिले घराणे सिक्वेन्सरचे. १९८५ साली आलेल्या अटारी एसटी या संगणकाला मिडीची जोडणी अंगचीच होती. त्याच संगणकावर हॅम्बुर्गच्या स्टाइनबर्ग कंपनीने १९८९ मध्ये क्युबेस आणले. डावीकडून उजवीकडे काळ आणि वरून खाली वाद्यांचे पट्टे, हे त्यातील चित्र आज सर्वमान्य झाले आहे. स्वर लिहिण्याच्या खिडकीला ‘पियानो रोल’ म्हणतात. हे नाव विसाव्या शतकाच्या आरंभीच्या स्वयंचलित पियानोंच्या भोके पाडलेल्या कागदी गुंडाळ्यांवरून आले. कॉनलन नॅनकॅरो हा रचनाकार मेक्सिकोत राहून अशी भोके दशकानुदशके स्वतः पाडत बसला, कारण त्याच्या मनातील लय मानवी हाताच्या आवाक्याबाहेरची होती. या लिपीचे बळ यावरून ध्यानात येते : तिला वादकाची गरज नाही. तिचा दोषही तिथेच आहे. प्रत्येक स्वर जवळच्या रेषेवर ओढून बसवण्याची सोय तीत आहे, आणि त्या सोयीच्या आहारी गेलेल्या रचनेतील श्वास हरवतो.

आपल्या संगीताला ही जाळी आणखी एका बाजूने टोचते. पट्ट्या सप्तकाला बाराच. मींड घेण्यासाठी मिडीत स्वर वाकवण्याची सोय आहे, परंतु मूळ रचनेत ती एका वाहिनीतील सर्व स्वरांना एकदमच लागू होते. प्रत्येक स्वराला स्वतःची मींड देणारे संकेत २०१८ आणि २०२० मध्ये मान्य झाले. पट्टी आणि मींड यांचे हे भांडण आपल्याला अपरिचित नाही. याच आक्षेपापोटी आकाशवाणीने १९४० मध्ये पेटीवर घातलेली बंदी १९७१ पर्यंत चालली.

दुसरे घराणे पाश्चात्त्य स्वरलेखनाचे. अमेरिकेत १९८८ मध्ये फिनाले आले. इंग्लंडमध्ये बेन आणि जोनाथन फिन या जुळ्या भावांनी १९९३ मध्ये सिबेलियस आणले. येथे आरंभ कागदाच्या पानापासून होतो आणि समोर वाचणारा वादक गृहीत धरलेला असतो. म्हणून येथे शुद्धलेखन सांभाळले जाते.

परंतु या लिपींना मालक होते. सिबेलियस २००६ मध्ये ॲव्हिड कंपनीकडे गेले. २०१२ मध्ये त्याचे लंडनचे कार्यालय बंद झाले; तेथील मंडळींनी स्टाइनबर्गमध्ये जाऊन २०१६ मध्ये डोरिको घडवले. फिनालेचा विकास थांबवत असल्याचे त्याच्या कंपनीने ऑगस्ट २०२४ मध्ये जाहीर केले. पस्तीस वर्षांत त्यात लिहिलेले संगीत त्या एका प्रणालीच्या आयुष्याशी बांधलेले राहिले. ते मिडीत उतरवावे, तर स्वर वाचतात, पण लेखनभेद आणि वादकासाठीच्या खुणा गळतात. २००४ साली सिद्ध झालेल्या म्युझिकएक्सएमएल या खुल्या संकेतात बरेच अधिक टिकते. दोनशे वर्षांपूर्वीचा कागद आजही वाचता येतो. तीस वर्षांपूर्वीची फाइल वाचण्यास मात्र ती लिहिणारे यंत्र जिवंत असावे लागते.

तेव्हा निवड कशी करावी? वादकांसाठी लिहिणाऱ्याने स्वरलेखनाची प्रणाली घ्यावी. ध्वनीतूनच विचार करणाऱ्याने सिक्वेन्सर घ्यावा. मुक्त प्रणालींत म्यूझस्कोर आहे, आणि १९९६ पासून साध्या मजकुरात स्वर लिहू देणारी लिलीपाँड आहे. तिची फाइल कोणत्याही संपादकात उघडते. परंतु काहीही घेतले, तरी एक प्रश्न आधी विचारावा : ही प्रणाली उद्या बंद पडली, तर माझ्या रचनेतील काय उरेल? ज्या संस्कृतीने शतकानुशतके संगीत कंठात जपले, तिला हा प्रश्न परका वाटू नये. कंठ गेला की बंदिश जाते, हे तिने अनेकदा अनुभवले आहे.