घरच्या विणीचे दोन नग

बरेच दिवस इकडे काही लिहिलं नाही. कारण शोधू नका, आळस. पण परवा बॉस्टनजवळच्या क्विन्सी गावी जाऊन आलो आणि तेव्हापासून दोन म्हातारे डोक्यातून जाता जात नाहीत.

क्विन्सी हे जॉन अ‍ॅडम्सचं गाव. अमेरिकेचा दुसरा राष्ट्राध्यक्ष. बुटका, गोलमटोल, तापट आणि 'मी'पणानं काठोकाठ भरलेला. गंमत म्हणजे हे त्याला पक्कं ठाऊक होतं! १७५६ साली, ऐन विशीत, त्यानं डायरीत लिहून ठेवलंय की गर्व हाच आपला सगळ्यात मोठा दुर्गुण आणि मूर्खपणाही. पुढची सत्तर वर्षं त्यात सुधारणा काही झाली नाही.

दुसरा थॉमस जेफरसन. उंच, सडपातळ, कमी बोलणारा. स्वातंत्र्याचा जाहीरनामा लिहिणारा, आणि जन्मभर शेकडो गुलाम बाळगणारा. कमी बोलणाऱ्यांना आपण उगाच नम्र समजतो. या गृहस्थानं आपल्या थडग्यावर काय कोरायचं ते स्वतःच लिहून ठेवलं होतं. तीन कामं. त्यात आठ वर्षं राष्ट्राध्यक्ष असल्याचा उल्लेखच नाही. तेवढं सांगायचीही गरज नाही असं वाटणं ही गर्वाची फार वरची इयत्ता झाली. आमचा अ‍ॅडम्स बिचारा बिगरीतच राहिला.

तर हे दोघं जिवलग मित्र. १७८६ साली इंग्लंडात फिरताना शेक्सपिअरच्या घरी गेले, तिथल्या जुन्या खुर्चीचा एक ढलपा रिवाजाप्रमाणे कापून घेतला. (आपण किल्ल्यांवर नावं कोरणाऱ्यांना नावं ठेवतो!) पुढच्याच वर्षी जेफरसननं मॅडिसनला कळवलं की अ‍ॅडम्स गर्विष्ठ आहे, चिडका आहे, पण त्याच्याबद्दल वाईट बोलण्यासारखं तेवढंच, ओळख झाली की तो तुला आवडेलच. मित्राचं इतकं नेमकं वर्णन मी दुसरीकडे वाचलेलं नाही.

मग राजकारण आलं. १८०० च्या निवडणुकीत दोघं समोरासमोर. अ‍ॅडम्सची नालस्ती करणाऱ्या एका लेखणीबहाद्दराला जेफरसननं गुपचूप पैसे पुरवले होते. अ‍ॅडम्स हरला, आणि ४ मार्च १८०१ ला मित्राचा शपथविधी बघायला नको म्हणून पहाटे चार वाजताच्या गाडीनं गावाकडे निघून गेला. त्यानंतर जवळजवळ अकरा वर्षं दोघांत पत्र नाही.

तोडगा काढला दोघांच्या सामाईक मित्रानं, डॉक्टर बेंजामिन रशनं. १८०९ मध्ये त्यानं अ‍ॅडम्सला कळवलं की मला स्वप्न पडलं. स्वप्नात तुम्ही जेफरसनला पत्र लिहिलंत, समेट झाला आणि पुढे दोघं जवळपास एकाच वेळी वारलात. अ‍ॅडम्सला स्वप्न आवडलं, पण हललं कोणीच नाही. पहिलं पत्र कोणी लिहायचं? हा प्रश्न सोडवायला आणखी दोन वर्षं गेली.

अखेर १ जानेवारी १८१२ ला अ‍ॅडम्सनं चार ओळी लिहिल्या. सोबत वेगळ्या टपालानं 'घरच्या विणीचे दोन नग' पाठवतोय म्हणाला. हे नग म्हणजे त्याच्या मुलाच्या वक्तृत्वावरच्या व्याख्यानांचे दोन खंड! विनोद होता हो तो. पण पार्सलाआधी पत्र पोचलं. जेफरसनला वाटलं खरंच कापड येतंय. त्यानं घाईघाईनं उत्तर लिहिलं, आणि त्यात व्हर्जिनियात घरोघरी सूत कसं कातलं जातं, कोणती यंत्रं वापरतात, यावर भलं मोठं विवेचन. मागाहून पुस्तकं आली.

इथं मला दोघंही फार आवडले. अकरा वर्षांनी आलेलं पत्र हातात, काय लिहावं सुचत नाही, म्हणून माणूस सुताबद्दल लिहितो.

मग मात्र पत्रं थांबली नाहीत. एकूण १५८. त्यातली १०९ अ‍ॅडम्सची. तुझ्या एका पत्राला माझी चार गेली तरी मनावर घेऊ नकोस, असं त्यानं कळवलं होतं. हे लिहिताना त्या गर्विष्ठ माणसाला काय पडलं असेल ते पडो!

४ जुलै १८२६. जाहीरनाम्याला बरोबर पन्नास वर्षं. त्या दिवशी दोघंही गेले. जेफरसन अजून आहे, असं अ‍ॅडम्स शेवटी पुटपुटला म्हणतात. जेफरसन त्याच दुपारी गेला होता.

आता माझं. घरच्यांना ठाऊकच आहे की सहा वर्षांपूर्वी एका कार्यक्रमात माझ्या सगळ्यात जुन्या मित्रानं आभारप्रदर्शन केलं. हॉलच्या रखवालदारापासून वडे तळणाऱ्यांपर्यंत सगळ्यांची नावं घेतली, माझं राहिलं. नाटक मी बसवलं होतं. तेव्हापासून बोलणं बंद. 'राहिलं' की 'गाळलं' यावर सौ.शी माझा वाद अजून चालू आहे.

क्विन्सीहून परतल्यावर त्याला दोन दिवाळी अंक पाठवले. सोबत चिठ्ठी. चिठ्ठीत विनोद केलेला नाही.