‘गोपी गवैया बाघा बजैया’ : शंभर वर्षांपूर्वीची भुतांची गोष्ट ॲनिमेशनमध्ये जमली का?

भारतीय ॲनिमेशन म्हटलं की आपल्याला आठवतो छोटा भीम, नाहीतर बालगणेश, हनुमान. या यादीबाहेरचा एक चित्रपट मुंबईत तयार झाला, पण अनेकांना त्याचं नावही माहीत नाही. तो म्हणजे ‘गोपी गवैया बाघा बजैया’.

मूळ गोष्ट काय आहे?

बंगाली लेखक उपेंद्रकिशोर रायचौधुरी यांनी ही कथा १९१५ मध्ये ‘संदेश’ या मुलांच्या मासिकात लिहिली. गोपी बेसूर गातो, बाघा ढोल बडवतो. वैतागलेले लोक दोघांना हाकलून देतात. जंगलात भुतांना मात्र त्यांचं संगीत आवडतं आणि भुतं त्यांना वर देतात. पुढे हे दोघे दोन राज्यांच्या भांडणात सापडतात.

उपेंद्रकिशोर यांचे नातू सत्यजित राय यांनी १९६९ मध्ये याच कथेवर ‘गुपी गाइन बाघा बाइन’ हा गाजलेला बंगाली चित्रपट केला.

ॲनिमेशनपट कोणी केला?

दिग्दर्शन शिल्पा रानडे यांचं. त्या आयआयटी मुंबईच्या आयडीसी या डिझाइन विभागात ॲनिमेशन शिकवतात. निर्मिती बालचित्र समितीची, म्हणजेच चिल्ड्रन्स फिल्म सोसायटीची. ही सरकारी संस्था होती, त्यामुळे चित्रपटामागे जनतेचा पैसा आहे.

काय जमलंय?

सर्वात मोठी जमेची बाजू म्हणजे चित्रं. हॉलिवूडसारखी गुळगुळीत थ्रीडी पात्रं इथे नाहीत. कळसूत्री बाहुल्यांची आठवण यावी अशी सपाट, नक्षीदार पात्रं आहेत. कमी बजेटमध्ये डिस्नेची नक्कल करण्यापेक्षा आपली शैली शोधणं जास्त शहाणपणाचं, हे इथे दिसतं.

दुसरी गोष्ट म्हणजे नायक. ते बलवान नाहीत, हुशारही नाहीत. लोकांनी हसून हाकललेली दोन साधी माणसं गुद्दे न मारता, संगीताच्या जोरावर संकटाला तोंड देतात. मारामारीच्या कार्टूनची सवय झालेल्या मुलांसाठी हे वेगळं आहे.

कुठे कमी पडतो?

एकदा वर मिळाले की नायकांसमोर खरी अडचण फारशी उरत नाही. छोट्या कथेत हे खपून जातं, पूर्ण लांबीच्या चित्रपटात उत्सुकता सैल पडते. रायांचा चित्रपट पाहिलेल्यांना तुलनाही टाळता येत नाही.

मग चित्रपट दिसला का नाही?

२०१३ मध्ये तो टोरंटोच्या चित्रपट महोत्सवात दाखवला गेला. भारतातल्या थिएटरमध्ये आला मार्च २०१९ मध्ये. म्हणजे २०१३ साली सहा वर्षांचं असलेलं मूल तोवर बारा वर्षांचं झालं होतं! २०२२ मध्ये बालचित्र समिती एनएफडीसीमध्ये विलीन झाली.

चित्रपटातल्या त्रुटींपेक्षा ही सहा वर्षं जास्त खटकतात. मुलांचा चित्रपट मोठ्या शहरांतल्या मल्टिप्लेक्सच्या भरवशावर सोडला, तर शिरूर-दौंडसारख्या तालुक्यांतल्या मुलांपर्यंत तो पोहोचणं कठीणच. तिथे शाळेचा हॉल आणि एक प्रोजेक्टर पुरेसा आहे. जनतेच्या पैशातून झालेल्या चित्रपटाचं यश महोत्सवांवर मोजायचं, की तो किती मुलांनी पाहिला यावर?